ऑसिलोस्कोप कुणी उघडायचा?



'तासभर एकाच यंत्राबद्दल बोलणार?' असं मला दोघातिघांनी विचारलं. हो, एकाच यंत्राबद्दल. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर प्रयोगशाळेतले होते, आणि 'विज्ञान आणि समाज' वगैरे मथळ्याखाली बोलायला लागलं की व्याख्यानाचं बघता बघता कीर्तन होतं. एखादं यंत्र धरलं की बोलणाऱ्याला फार भरकटता येत नाही.

यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. त्यातही सुट्या प्लग-इनचा, ज्याला इंग्रजीतून आलेल्या शब्दात आपण मॉड्युलर म्हणतो तो. विज्ञानाशी ज्यांचा संबंध दहावीनंतर सुटला त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की व्होल्टेज क्षणोक्षणी कसं बदलतं याचा आलेख हे यंत्र पडद्यावर काढतं. आडवा अक्ष वेळेचा, उभा व्होल्टेजचा. मल्टीमीटर एक आकडा देतो. स्कोप त्या आकड्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवतो. जर्मनीत फर्डिनांड ब्राउन यांनी 1897 मध्ये कॅथोड किरण नळी बनवली, तिथून ही कथा सुरू होते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांची अडचण होणार नाही. आपल्या शिक्षणसंस्थांत यंत्र वापरणारा माणूस वेगळा आणि यंत्र उघडणारा माणूस वेगळा. पहिल्याला केबिन आणि शोधनिबंधावर नाव. दुसऱ्याला स्टूल, आणि काही बिघडलं की बोलावणं. इतर यंत्रांचं मला ठाऊक नाही, पण ऑसिलोस्कोपच्या बाबतीत ही वाटणी मोजमापच बिघडवते. पडद्यावरच्या आकारात तुमच्या सर्किटचा वाटा किती आणि स्कोपचा स्वतःचा किती, हे ज्याला त्याचं आतलं ठाऊक आहे तोच सांगू शकतो. बाकीचे चित्र बघतात.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात पोर्टलंड नावाचं शहर आहे. तिथे 1946 साली हॉवर्ड व्होलम, जॅक मर्डॉक आणि त्यांच्या दोन साथीदारांनी टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. व्होलम महायुद्धात सैन्यासाठी रडारवर काम करून आले होते. 1947 मध्ये त्यांचा 511 हा स्कोप 795 डॉलरला विक्रीला आला, आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते गावातलंच, ऑरेगन विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय. तोवर बाजारात मिळणारे बहुतेक स्कोप आकार दाखवायचे, पण एका चौकोनाला किती व्होल्ट आणि किती मायक्रोसेकंद हे बरंचसं अंदाजावर चालायचं. 511 मध्ये अक्षांवर भरवसा ठेवता येत होता. शिवाय सिग्नल ठरावीक पातळीला पोचला की मगच ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेघ, सुरू होई. यालाच आपण आज ट्रिगर म्हणतो. चित्र स्थिर झालं आणि मोजता येऊ लागलं.

पुढे 1954 च्या सुमाराला 530 आणि 540 या मालिका आल्या आणि स्कोपच्या दर्शनी बाजूला एक खण आला. पडदा, वीजपुरवठा आणि आडव्या अक्षाची वेळ ठरवणारा टाइमबेस मूळ पेटीत. सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर मात्र वेगळ्या डब्यात, म्हणजे प्लग-इनमध्ये. बारीक सिग्नलसाठी एक डबा, वेगवान सिग्नलसाठी दुसरा. काम बदललं की स्कोप नव्हे, डबा बदलायचा.

त्या काळातल्या एका लहानशा गोष्टीवर मला जरा रेंगाळायचं आहे. या स्कोपच्या आत सुटे भाग चिनी मातीच्या खाचदार पट्ट्यांवर झाळलेले असत. खाचांना चांदीचा लेप होता. साधं कथील-शिशाचं सोल्डर वापरून पुन्हा पुन्हा डाग दिला तर तो लेप सोल्डरमध्ये विरघळतो आणि जोड सुटतो. म्हणून थोडी चांदी मिसळलेलं सोल्डर लागतं. ते गावोगावच्या दुकानात मिळणार नाही हे कंपनीला ठाऊक होतं. तेव्हा तिने काय केलं? प्रत्येक स्कोपच्या आत त्या सोल्डरचं एक छोटं रीळ लावून दिलं. हा स्कोप कधीतरी कुणीतरी उघडणार, त्याच्या हातात काविया असणार, आणि त्या माणसाला आपण ओळखत नसलो तरी त्याची सोय आपण करायची, असा विचार करून ते रीळ तिथे बसवलं आहे. यंत्राच्या जाहिरातीपेक्षा या रिळावरून मला ती कंपनी जास्त कळते. आजचं यंत्र 'आत वापरणाऱ्याने हात घालावा असं काही नाही' अशी ताकीद मागच्या बाजूला चिकटवून येतं, तेव्हा ते रीळ हटकून आठवतं.

आता ज्या मालिकेवर मी मुख्यतः बोलणार आहे ती 7000 मालिका. 1969 मध्ये 7504 आणि 7704 हे पहिले मेनफ्रेम, म्हणजे मूळ पेट्या, आले आणि जवळजवळ दोन दशकं ही मालिका तयार होत राहिली. इथे एका खणाचे तीन किंवा चार खण झाले. डावीकडचे दोन उभ्या अक्षाचे, उजवीकडचे आडव्या अक्षाचे. प्लग-इनच्या नावातच त्याचं काम लिहिलेलं असतं. 7ए म्हणजे अँप्लिफायर, 7बी म्हणजे टाइमबेस, 7डी डिजिटल मोजणीचे, 7एल स्पेक्ट्रम बघायचे, 7एस सॅम्पलिंगचे. 7सीटी1एन हा तर ट्रान्झिस्टरचे वक्र काढून देणारा. अँप्लिफायर कुठलाही असो, मेनफ्रेमला तो पडद्यावरच्या एका चौकोनामागे 50 मिलिव्होल्ट एवढाच सिग्नल देणार, हे आधीच ठरलेलं. या एका करारावर सगळं उभं आहे. म्हणून 7ए26 डावीकडून काढून उजवीकडच्या खणात घातला तरी चालतो; मग टाइमबेसऐवजी दुसरा सिग्नल आडव्या अक्षावर येतो आणि लिसाजूच्या आकृत्या मिळतात.

प्रमाण किती ठेवलं आहे हे या स्कोपच्या पडद्यावरच अक्षरांत उमटतं. ही योजना बॅरी गिल्बर्ट यांची. पुढे ज्यांच्या नावाचं 'गिल्बर्ट सेल' प्रत्येक रेडिओ अभियंत्याला शिकावं लागलं तेच. प्लग-इन आपली सेटिंग ठरावीक प्रवाहांच्या रूपात मेनफ्रेमला कळवतो आणि मेनफ्रेम त्याच किरणाने ट्रेसच्या अधूनमधून अक्षरं काढतो. सर्किटला लावायच्या प्रोबच्या टोकावरचं बटण दाबलं की त्याचा ट्रेस जरा हलतो आणि पडद्यावर ओळख पटवणारा शब्द उमटतो, म्हणजे चार ट्रेसमधला आपला कुठला ते कळतं. मायक्रोप्रोसेसर घरोघरी यायच्या आधीची ही गोष्ट आहे.

आता चालवण्याकडे येतो. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, मोजमाप मेनफ्रेममध्ये होतं कारण पडदा तिथे आहे. प्रत्यक्षात ते प्रोबच्या टोकाशीच बिघडतं किंवा साधतं. सिग्नल दहापट कमी करणाऱ्या प्रोबवर 10 मेगओहम लिहिलेलं असतं, म्हणून सर्किटवर त्याचा भार पडत नाही असं आपण धरून चालतो. पण त्या प्रोबची साधारण 10 पिकोफॅरड कपॅसिटी असते. 100 मेगाहर्ट्झला तिचा अडसर किती? सुमारे 160 ओहम. एक कोटी ओहमचा भरवसा दिला होता आणि हाती आले एकशेसाठ. तीच गोष्ट ग्राउंडच्या काळ्या वायरची. पंधरा सेंटिमीटरची ती वायर म्हणजे ढोबळमानाने 150 नॅनोहेन्री, आणि प्रोबच्या 10 पिकोफॅरडबरोबर ती 130 मेगाहर्ट्झच्या आसपास घुमते. मग विद्यार्थी सरळ चढणाऱ्या कडेवर थरथर बघतो आणि सर्किटमध्ये दोष शोधत बसतो. दोष त्याच्या हातातच असतो. वायर काढून टोकाशेजारी स्प्रिंगचा आखूड ग्राउंड लावला की थरथर जाते, आणि मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

प्रोबचं कॉम्पेन्सेशन सगळ्यांना शिकवलं जातं: मेनफ्रेमच्या कॅलिब्रेटरला प्रोब लावायचा आणि 1 किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेचा माथा सपाट येईपर्यंत बारीक स्क्रू फिरवायचा. मॉड्युलर स्कोपमध्ये यात एक मेख आहे. प्रोबचं जुळणं त्या विशिष्ट प्लग-इनच्या इनपुटशी असतं. एकाचं इनपुट 20 पिकोफॅरडचं तर दुसऱ्याचं 22 चं. प्लग-इन बदलला की प्रोब पुन्हा जुळवायचा. अँप्लिफायरच्या दर्शनी बाजूला 'गेन' लिहिलेलं एक छिद्र असतं, स्क्रूड्रायव्हरचं टोक जाईल एवढं. हा डबा या मेनफ्रेममध्ये आल्यावर कॅलिब्रेटरचे व्होल्ट बरोबर चौकोनांवर बसतात का, ते तिथून जुळवायचं असतं. डबे अदलाबदल करता येतात याचा अर्थ अदलाबदल केल्यावर बघायचं नाही असा नव्हे. ज्या प्रयोगशाळेत त्या छिद्रावर वर्षानुवर्षांचा धुळीचा पापुद्रा असतो तिथल्या प्रबंधांतले दशांश चिन्हानंतरचे आकडे मी जरा सबुरीनेच वाचतो.

बँडविड्थचा, म्हणजे किती वेगवान सिग्नल धड दिसेल याचा, हिशेबही जोडीचाच. 500 मेगाहर्ट्झचा 7904 मेनफ्रेम आणि त्यात 75 मेगाहर्ट्झचा 7ए18 घातला तर तुमचा स्कोप 75 चा. आणि 100 मेगाहर्ट्झच्या 7603 ला स्वतःचा चढण्याचा वेळ 3.5 नॅनोसेकंद असतो. 5 नॅनोसेकंदांत चढणारा सिग्नल त्यावर 6.1 नॅनोसेकंदांचा दिसतो. स्कोपने आपला आळस सिग्नलच्या नावावर टाकला. वर्गांची वजाबाकी करून तो परत काढता येतो, पण त्यासाठी स्कोपला आळस आहे हे आधी ठाऊक हवं.

ट्रिगरबद्दल एकच धोका सांगतो. दोन सिग्नल आळीपाळीने दाखवायचे आणि प्रत्येकाने स्वतःला स्वतःच ट्रिगर करायचं, असं सेटिंग या स्कोपमध्ये सहज होतं. दोन्ही ट्रेस छान स्थिर दिसतात, आणि त्यांच्यातलं वेळेचं अंतर संपूर्ण खोटं असतं. दोघांनीही आपापल्या घड्याळाने शून्य धरलेलं असतं. अंतर मोजायचं तर ट्रिगर एकाच सिग्नलवरून घ्यायचा. स्थिर चित्र आणि खरं चित्र यांत फरक असतो हे या यंत्राने मला जितकं शिकवलं तितकं कुणी शिकवलं नाही.

आतल्या रचनेतली एक कल्पना मात्र इतकी सुरेख आहे की तिच्यासाठी थांबतोच. ट्रिगर ओळखून किरण धावायला लागेपर्यंत थोडे नॅनोसेकंद जातात, आणि तेवढ्यात सिग्नलची चढती कड निघून गेलेली असते. नेमकी तीच बघायची असते. म्हणून उभ्या अक्षाच्या वाटेवर एक लांब केबल गुंडाळून ठेवलेली असते. पानं वाढून होईपर्यंत पाहुण्यांना ओसरीवर बसवून ठेवावं, तसा सिग्नल तिच्यातून फिरून येतो. मेनफ्रेमचं झाकण काढलं की ते वेटोळं दिसतं. दर वर्षी मुलांना एकदा ते झाकण काढून दाखवावं; फळ्यावर काढलेला 'डिले लाइन' नावाचा चौकोन आणि प्रत्यक्षातली केबल यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आता एक कडू गोष्ट. स्कोपच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाकायची किंवा आतली वायर सोडवून ठेवायची, ही सवय मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिला परंपराच म्हणावं लागेल. कारण सरळ आहे. प्रोबचा काळा क्लिप स्कोपच्या धातूच्या पेटीला आणि पेटी इमारतीच्या अर्थिंगला जोडलेली. मेन्सला थेट जोडलेल्या सर्किटमध्ये हा क्लिप कुठेही लावला की ठिणगी उडते. मग कुणीतरी हुशारी करतो आणि स्कोपचं अर्थिंगच काढतो. ठिणगी थांबते. पण आता क्लिप जिथे लावला तिथलं व्होल्टेज स्कोपच्या संपूर्ण पेटीवर, प्रत्येक धातूच्या नॉबवर येतं. 230 व्होल्टच्या मेन्सचं शिखर 325 व्होल्टचं असतं. पुढचा विद्यार्थी येतो, एक हात पाण्याच्या नळाच्या पाइपवर आणि दुसऱ्या हाताने स्कोप सरकवतो. याला मी काटकसर म्हणणार नाही, आणि अज्ञान म्हणून सोडूनही देणार नाही.

मॉड्युलर स्कोपमध्ये तर याची गरजच नाही. दोन प्रोब घ्या, एक चॅनेल उलटा करा आणि दोन्हींची बेरीज दाखवा. दोन बिंदूंमधला फरक मिळतो आणि अर्थिंग जागच्या जागी राहतं. जास्त नेमकं हवं असेल तर डिफरन्शियल अँप्लिफायरचा डबा घाला. 7ए22 हा असाच एक. एका चौकोनाला 10 मायक्रोव्होल्ट इतका संवेदनशील, आणि दोन्ही इनपुटवर सारखाच असलेला गोंगाट लाखात एक इतका दाबून टाकणारा. त्याची बँडविड्थ अवघी 1 मेगाहर्ट्झ, म्हणून बाजारात त्याला फारसं कुणी विचारत नाही. मला विचाराल तर संग्रहातला सर्वांत गुणी डबा तोच.

उलट वेगवान अँप्लिफायरांचं इनपुट 50 ओहमचं असतं आणि ते फार नाजूक. त्यावर 5 व्होल्ट दिले की अर्धा वॅट होतो, आणि इनपुटला साधारण तेवढंच सोसतं. चुकून मेन्स लागला तर हिशेबाने हजार वॅटच्या वर. म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत डबा गेला. असे डबे सगळ्यांच्या हाताशी असलेल्या टेबलावर ठेवायचेच नाहीत. कुलपाच्या कपाटात, आणि किल्ली ज्याला हा गुणाकार तोंडी येतो त्याच्याकडे.

देखभालीचं पहिलं पान कंटाळवाणं आहे, म्हणून पटकन उलटतो. चालू केल्यावर 20 मिनिटं गरम होऊ द्यावा, मगच मोजावं. प्लग-इन घालता-काढताना मेनफ्रेम बंद करावा. स्थिर ठिपका पडद्यावर झगझगीत ठेवू नये. फॉस्फर जळतो आणि तो डाग जन्माचा. 1000 तास वापरल्यावर, किंवा वापर कमी असेल तर सहा महिन्यांनी, कॅलिब्रेशन तपासावं असं या मालिकेची मॅन्युअलं सांगतात. आपल्याकडे सरकारी सोय आहे, मुंबईत अंधेरीला ईआरटीएलची प्रयोगशाळा आहे. पण प्रमाणपत्र आणून भिंतीवर लावलं आणि मग डबे इकडचे तिकडे केले, तर ते प्रमाणपत्र नेमकं कुठल्या जोडीचं, हा प्रश्न विचारायला हवा.

खरी मजा बिघाडात आहे. सरांच्या वेळी प्रयोगशाळेत एक वाक्य होतं, 'बंद पडलेल्या स्कोपला आधी ऐकायचं.' यात गंमत नाही. 7704 आणि 7904 सारख्या मेनफ्रेममध्ये स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा आहे. आत कुठे शॉर्ट असेल तर तो पुरवठा स्वतःला वाचवतो: सुरू होतो, जास्तीचा प्रवाह ओळखून बंद पडतो, पुन्हा प्रयत्न करतो. बाहेर टिक, टिक असा आवाज येतो. नवख्याला वाटतं वीजपुरवठा गेला. बहुतेक वेळा पुरवठा ठणठणीत असतो आणि तोच ओरडून सांगत असतो की माझ्या पुढे कुणीतरी आडवं पडलंय. बंद करा, सगळे डबे काढा, पुन्हा चालू करा. आवाज थांबला तर दोषी डब्यात आहे. एकेक घालून बघा, दर वेळी बंद करून. नाही थांबला तर मेनफ्रेममध्ये. एका स्क्रूलाही हात न लावता निम्मं निदान झालं.

आणि दोषी कोण, हेही बहुधा ठरलेलं: थेंबासारखा दिसणारा टँटलम कपॅसिटर. 15 व्होल्टच्या वीजवाहिनीवर जेमतेम तेवढ्याच किंवा किंचित जास्त क्षमतेचे कपॅसिटर तेव्हा लावलेले होते, आणि टँटलमचा स्वभाव असा की तो म्हातारा झाला की उघडा न पडता शॉर्ट होतो. मल्टीमीटरने डब्याच्या कनेक्टरवर प्रत्येक वाहिनी ते ग्राउंड ओहम मोजा. एखादी जवळजवळ शून्य दाखवेल. तिच्यावरचा जळकट रेझिस्टर किंवा कॉइल शोधा. त्याच्या शेजारी गुन्हेगार सापडतो. नवा घालताना 25 किंवा 35 व्होल्टचा घाला. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तो चहाच्या किमतीला मिळतो. लाखांचं यंत्र चहाच्या किमतीच्या तुकड्यासाठी कोपऱ्यात पडून राहतं, कारण विभागात ते उघडायचा अधिकार कुणाचा यावर पत्रव्यवहार चालू असतो.

डबे अदलाबदल करता येतात ही सोय निदानात अशी उपयोगी पडते. ट्रेस वाकडा येतोय? उभ्या अक्षाच्या एका खणातला डबा शेजारच्या खणात घाला. दोष त्याच्याबरोबर सरकला तर दोष डब्याचा, जागेवर राहिला तर मेनफ्रेमचा. एकसंध स्कोपमध्ये हे करता येत नाही.

स्विचांबद्दल बोलायलाच हवं, कारण इथे चांगल्या हेतूने फार नासधूस होते. या डब्यांतल्या फिरवायच्या स्विचांच्या आत कॅमने दाबल्या जाणाऱ्या बारीक पट्ट्या असतात आणि सर्किट बोर्डावरच त्यांचे सोन्याचा मुलामा दिलेले संपर्क असतात. आवाज करतोय म्हणून बाजारातला स्प्रे मारला की आज बरं वाटतं. पुढे त्या तेलकट थरावर धूळ बसते आणि प्लास्टिकही बिघडू शकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी संपर्काच्या पट्टीखालून हळूच ओढायची, बस. घासायचं नाही. मुलामा एकदा गेला की परत येत नाही. हेच ट्रान्झिस्टरांचं: जुन्या डब्यांत ते सॉकेटमध्ये बसवलेले असतात, आणि पायांवर गंज चढला की दोष येतो-जातो. एकेक काढून त्याच जागी परत बसवला तर कित्येकदा तोच इलाज असतो.

पावसाळा हा आपल्याकडचा खास अध्याय. धूळ कोरडी असते तोवर ती फक्त घाण. ओलसर झाली की वीज वाहून नेते. कोकणात तर हवेत मीठही. उच्च व्होल्टेजच्या भागात मग चुरचुर सुरू होते, बारीक सिग्नलचा ट्रेस एका जागी ठरत नाही. गणपतीपर्यंत कपाटात बंद असलेला स्कोप बाहेर काढून थेट चालू करण्यापेक्षा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवणं केव्हाही बरं. स्वतःच्याच उष्णतेने तो स्वतःला वाळवतो. वर्षानुवर्षं पडून असलेला साध्या ट्रान्सफॉर्मरचा मेनफ्रेम डिमरस्टॅटवर हळूहळू चढवावा, म्हणजे जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सावरतात. पण स्विचिंग पुरवठ्याच्या मेनफ्रेमला हा उपचार करू नये. कमी व्होल्टेजवर तो धड सुरू होत नाही आणि जास्त प्रवाह ओढतो. दोन भावंडं दिसायला सारखी, औषध मात्र उलटं. कुठला मेनफ्रेम कुठल्या जातीचा हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

झाकण उघडणाऱ्यांना एक सक्त सूचना. चित्रनळीच्या ॲनोडवर 15 हजार व्होल्ट आणि काही मॉडेलांत त्याहून जास्त असतात, आणि स्कोप बंद केल्यावरही नळी तो भार धरून ठेवते. एकदा ग्राउंड केल्यावर थोड्या वेळाने भार परत जमतो. म्हणून पुन्हा ग्राउंड करावं. एकट्याने हे काम करू नये. दुसरा माणूस खोलीत हवा, आणि त्याला मेन स्विच कुठे आहे ते माहीत हवं.

इथे माझ्याविरुद्धचा आक्षेप मीच मांडतो. 'आता डिजिटल स्कोप आले, बिघडला की बदलायचा, हे जुनं पुराण कशाला?' आक्षेप अगदीच चुकीचा नाही. रोजच्या कामाला मीही डिजिटलच वापरतो. एकदाच घडणारी घटना पकडून ठेवणं हे त्याचंच काम. मॉड्युलर कल्पनाही मेलेली नाही, 1997 पासून पीएक्सआयच्या कार्डांच्या रूपात ती संगणकाशेजारी चालूच आहे. पण प्रोबची कपॅसिटी डिजिटल झाल्याने कमी झाली नाही. ग्राउंडची वायर तशीच घुमते. नव्या स्कोपने एक नवा खोटेपणाही आणला: नमुने घेण्याचा वेग अपुरा पडला की तो अस्तित्वातच नसलेली संथ लाट छान रेखीव काढून दाखवतो. यंत्र ज्याने कधी उघडलं नाही, त्याला या लाटेचा संशय येण्याचं कारणच नाही.

आणि बदलायचा म्हणता तर एक सांगतो. या कंपनीने आपल्या चित्रनळ्या आणि कित्येक आयसी स्वतःच्याच कारखान्यात बनवले. सुट्या भागाचा क्रमांक 155 ने सुरू झाला की समजावं, हा घरचा आयसी. बाजारात याला पर्याय नाही. 151 ने सुरू झाला तर ट्रान्झिस्टर आहे, त्याला जवळचा पर्याय बऱ्याचदा सापडतो. त्यामुळे मेलेला डबा हा भंगार नसतो, तो घरच्या आयसींचा साठा असतो. आपल्याकडे मात्र निर्लेखन समिती बसते, मेनफ्रेम चालत नाही असा शेरा मारते, आणि त्याच्याबरोबर चार चांगले डबे आणि दोन मॅन्युअलं किलोच्या भावाने जातात. जडवस्तू संग्रह नोंदवहीत खरेदीच्या दिवशी 'ऑसिलोस्कोप, नग 1' एवढीच नोंद झालेली असते. डब्यांचं अस्तित्व कागदावर कधी नव्हतंच.

ती मॅन्युअलं जाऊ देऊ नका. त्यांत सर्किटं आहेत, प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी किती व्होल्ट आणि कसा आकार यावा ते छापलेलं आहे, आणि प्रत्येक भाग काय करतो याचं प्रकरण आहे. माझ्या मते इलेक्ट्रॉनिक्सच्या एका सत्राचा अभ्यासक्रम म्हणून 7603 चं मॅन्युअल लावता येईल, आणि मुलं आत्ताच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकतील. अभ्यास मंडळावर असताना मी हे सुचवलं होतं. त्यावर हसून चहा मागवण्यात आला.

मग करायचं काय? मोठी योजना नाही माझ्याकडे. प्रत्येक डब्याची नोंदवहीत वेगळी ओळ असावी, त्याच्या क्रमांकासह. प्रत्येक डब्याला एक वही असावी, आणि तिच्यात कुणी उघडला, काय मोजलं, काय बदललं, हे उघडणाऱ्याने स्वतः लिहावं. लॅब असिस्टंटने लिहिलं तर खाली त्याचंच नाव. प्राध्यापकाने उघडला तर प्राध्यापकाचं. विभागप्रमुखांनीही वर्षातून एकदा तरी त्या वहीत ओळ लिहावी, फक्त सही नव्हे. आणि पदव्युत्तर वर्गाच्या तोंडी परीक्षेत एक डबा समोर ठेवून विचारावं: वाहिनी शॉर्ट आहे, शोध. मल्टीमीटर आणि सर्किटचा कागद द्यावा, आणि परीक्षकांनी शेजारी उभं राहावं.

मी येताना एक 7ए26 बरोबर आणला आहे. बाजूची पत्री झाकणं काढून या टेबलावर ठेवतो. यात उच्च व्होल्टेज नाही आणि तो कशालाच जोडलेला नाही, तेव्हा हात लावायला कुणी कचरू नये. कॅमच्या सोनेरी पट्ट्या मात्र बोटाने दाबू नका. बघायला भिंग ठेवलं आहे. प्रश्न असतील तर इथेच, टेबलाभोवती उभं राहून बोलू.